इंजेक्टर थंडीत चालतो, एप्रिल लागला की थुंकतो

आधी लक्षणं सांगतो. इंजिन म्हणजे घरी बनवलेलं वाफेच्या रेल्वे इंजिनाचं छोटं मॉडेल, पाच इंची गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), बॉयलर तांब्याचा, प्रेशर ८० पाउंड, आग झकास. डिसेंबर-जानेवारीत इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं उपकरण, एका झटक्यात पाणी उचलत होता. एप्रिल उजाडला तसा तो सकाळी कसाबसा चालतो आणि दुपारी ओव्हरफ्लोच्या नळीतून नुसती फसफस वाफ सोडतो. गेज ग्लासातली (बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली) पातळी खाली चाललेली, हातपंपाचा दांडा मारून खांदा भरून आलेला. इंजेक्टर खोलावा, आतले कोन (बारीक भोकाच्या निमुळत्या नळ्या) धुवावेत, परत बसवावा, तर दोन फेऱ्या बरा जातो आणि पुन्हा तेच.

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात ज्यांनी घरच्या लेथवर असं इंजिन उभं केलंय, त्यांना यातलं काही नवीन नाही. या छंदाची बहुतेक पुस्तकं इंग्लंडात लिहिली गेली. टाकीतलं पाणी पंचेचाळीस अंशांवर जाईल ही शक्यताच तिथे कोणी धरलेली नसते. त्यामुळे पुस्तक सांगतं ‘कोन साफ करा’, आणि आपण वर्षानुवर्षं कोन साफ करत बसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजेक्टरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आधी टाकीतलं पाणी, मग बॉयलरवरचा क्लॅक (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग क्षार, मग हवा. या क्रमाने गेलं तर बहुतेक वेळा इंजेक्टरवर पाना चढवायची पाळीच येत नाही.

शोधाशोध सुरू करण्याआधी एक गोष्ट. इंजेक्टर रुसला आणि ग्लासातली पातळी पाव भागाखाली गेली, तर तपास तिथेच थांबवायचा आणि हातपंप मारायचा. पंपानेही पातळी वर येत नसेल तर आग खाली पाडा. पाणी ग्लासातून दिसेनासंच झालं असेल तर वरून गार पाणी घालायचं नाही. आग काढायची आणि इंजिन आपोआप निवू द्यायचं. बॉयलरला पाणी द्यायची दोन वेगळी साधनं नसतील तर वाफ करूच नये. ज्यांनी ‘इंजेक्टर आहे ना’ म्हणून हातपंप काढून टाकलाय, त्यांनी तो आधी परत बसवावा आणि मग पुढचं वाचावं.

गरम पाण्याने बिघडतं काय

इंजेक्टर हे विचित्रच यंत्र आहे. १८५८ मध्ये आंरी जिफार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने ते काढलं, तेव्हा लोकांचा विश्वास बसत नव्हता, कारण बॉयलरचीच वाफ बॉयलरच्याच प्रेशरवर मात करून पाणी आत ढकलते. छोट्या इंजेक्टरात ओव्हरफ्लोचा एक बॉल सोडला तर हलणारं काहीच नाही. वाफेच्या कोनमधून वाफ प्रचंड वेगाने बाहेर पडते, मधल्या कोनमध्ये गार पाण्यात मिसळून तिचंच पाणी होतं, आणि तो वेग घेऊन पाण्याची बारीक धार डिलिव्हरी कोनमध्ये घुसते. तिथे वाट हळूहळू रुंद होते, वेगाचं प्रेशर होतं आणि क्लॅकचा बॉल उचलला जातो.

सगळी मदार मधल्या कोनवर. तिथे वाफेचं पूर्ण पाणी झालं पाहिजे. अर्धवट झालं तर धारेत फुगे राहतात, धार फाटते आणि सगळा माल ओव्हरफ्लोने बाहेर.

आता हिशोब करू. ८० पाउंडाच्या एक किलो वाफेत, शून्य अंशापासून मोजली तर, साधारण ६५७ किलोकॅलरी उष्णता असते. समजा ती दहा किलो पाणी ओढते. पाणी २५ अंशांचं असेल तर त्याचे २५० मिळवा. ९०७ भागिले ११, म्हणजे मिश्रण ८२ अंशांवर. वाफेचं निमूट पाणी होतं. हेच पाणी ४५ अंशांचं घ्या: ४५० अधिक ६५७ म्हणजे ११०७, भागिले ११, उत्तर शंभराच्या किंचित वर. म्हणजे मधल्या कोनमध्ये पाणी उकळायच्या बेतात आहे. वाफ विरघळायची कुठे?

मग पाण्याचा व्हॉल्व्ह जास्त उघडायचा, असं कोणी म्हणेल. तेरा किलो पाणी दिलं तर मिश्रण ८९ अंशांवर येतं खरं, पण तेवढीच वाफ आता जास्त वजन ओढतेय. धार मंदावते, बॉयलरचं प्रेशर तिला जुमानत नाही, आणि ओव्हरफ्लोतून वाफेऐवजी पाणी गळायला लागतं. थंडीत ‘पाणी कमी’ आणि ‘पाणी जास्त’ यांच्यामध्ये व्हॉल्व्हचा चांगला पाऊण फेरा मोकळा मिळतो. मे महिन्यात तो केसाएवढा उरतो.

यातून एक फुकटची युक्ती निघते. प्रेशर जितकं कमी, तितकं गरम पाणी इंजेक्टर सहन करतो. उन्हाळ्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उडायच्या बेतात असताना पाणी द्यायला जाऊ नका. ५५-६० पाउंडावर असतानाच थोडं थोडं देत राहा. आपल्याकडे मंडळी नेमकं उलट करतात, कारण प्रेशर भरपूर असलं की हुरूप येतो.

टाकीत थर्मामीटर सोडा

फिश टँकवाल्याकडे काचेचा थर्मामीटर मिळतो. पन्नास अंशांपर्यंत दाखवतो, तेवढं पुरे. तो टेंडरमध्ये (इंजिनामागच्या पाण्याच्या गाडीत) सोडा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पस्तीसच्या आत बहुतेक छोटे इंजेक्टर कुरकुर करत नाहीत. चाळिशी ओलांडली की बहुतेक मान टाकतात.

पाणी गरम होतं कुठून? पहिलं ठिकाण गच्चीवरची काळी टाकी. दुपारी तिचा नळ सोडला तर हात धरवत नाही, आणि आपण तेच पाणी पाइपने टेंडरमध्ये भरतो. दुसरं, टेंडर स्वतः. पत्र्याचा, काळ्या रंगाचा, पाच-सात लिटरचा, उन्हात उभा. तिसरं ठिकाण क्लॅक, त्याच्याकडे पुढे येतोच.

अंगावर टाकी असलेली इंजिनं करणाऱ्यांना आणखी एक त्रास. इकडे नॅरोगेजचं मॉडेल करणं सोयीचं पडतं: पाचोरा-जामनेर या जुन्या लाइनीचं गेज ७६२ मिलिमीटर होतं, त्याला पाच इंची रुळाच्या १२७ ने भागलं की बरोबर सहा. ब्रॉडगेजचे १६७६ भागून बघा, तेरा पॉइंट दोन असा अडनिडा आकडा येतो आणि प्रत्येक मापाला कॅल्क्युलेटर लागतो. नवख्या माणसाला मी नॅरोगेजच सुचवतो. पण बॉयलरच्या दोन्ही अंगांना चिकटून टाक्या असतील तर त्यातलं पाणी चालता चालता तापतं, हिवाळ्यातसुद्धा. टाकी आणि बॉयलरचं वेष्टण यांच्यात चार-पाच मिलिमीटरची मोकळी फट ठेवा. फटीत काही भरू नका, हवा खेळू द्या. आधीच चिकटवून बसवली असेल तर पाठीमागे एक छोटी पाणीगाडी जोडा आणि इंजेक्टरची नळी तिथून घ्या. दिसायला अस्सल राहत नाही, पण चालतं.

उपाय साधा आहे आणि घरातच आहे. आदल्या रात्री माठ भरून ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये आपली हवा खणखणीत कोरडी असते, म्हणून बाहेर त्रेचाळीस असताना माठातलं पाणी पंचवीस-अठ्ठावीसवर राहतं. त्या पाण्याने टेंडर भरा, वरून ओलं गोणपाट टाका आणि ते सुकू देऊ नका. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की माठही गार करत नाही आणि गोणपाटही. तेव्हा बर्फाचा तुकडा पिशवीत बांधून टाकीत सोडायचा. पिशवी अशासाठी की बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

एक मोह टाळायचा: कूलरच्या टाकीतलं पाणी. हात घातला तर छान गार लागतं, जवळच असतं, बादलीभर काढलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. पॅडवर जो पांढरा खरपुडा धरतो तो बघा. तोच दाट माल आपण बॉयलरमध्ये घालणार.

क्लॅक, म्हणजे बॉयलरवरचा एनआरव्ही

हा खरा चोर. टाकीतलं पाणी गार आहे आणि तरी इंजेक्टर थुंकतोय, तर सगळ्यात आधी इथे बघायचं.

विहिरीच्या मोटरवर एनआरव्ही असतो तसाच बॉयलरच्या फीडवर क्लॅक असतो. आत एक बॉल, खाली त्याची बैठक. पाणी आत जाऊ द्यायचं, बाहेर येऊ द्यायचं नाही. बॉल नीट बसत नसेल तर बॉयलरमधलं पाणी उलट येतं. ८० पाउंडाला ते १६० अंशांच्याही वर असतं. डिलिव्हरीची नळी तापते, इंजेक्टरचं पितळी अंग तापतं, आणि टाकीतून आलेलं गार पाणी कोनपर्यंत पोचेतो त्याचा गारवा गेलेला असतो. वर मी २५ अंशांचा हिशोब मांडला तो टाकीतल्या पाण्याचा. इंजेक्टरच तापलेला असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

तपासणी अशी. प्रेशर साठ पाउंडावर आणा. इंजेक्टरची वाफही बंद, पाणीही बंद. इंजिन दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. मग काडेपेटीची काडी पाण्यात बुडवून एकेक थेंब ठेवत जा: आधी डिलिव्हरीच्या नळीवर क्लॅकपासून वीतभर अंतरावर, मग इंजेक्टरच्या अंगावर, मग वाफेच्या नळीवर. क्लॅकच्या अगदी गळ्याशी थेंब उडाला तर घाबरू नका, तांबं उष्णता वाहून आणतंच. पण वीतभर लांब थेंब चरचरून उडाला, आणि वाफेची नळी मात्र तेवढी तापलेली नसेल, तर क्लॅक गळतोय. उलट वाफेची नळी पेटलेली आणि डिलिव्हरी कोमट असेल तर वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीये. ओव्हरफ्लोकडेही बघा. सगळं बंद असताना तिथून गरम पाण्याचे थेंब ठिबकत असतील तर क्लॅक, कोरडी वाफ निघत असेल तर वाफेचा व्हॉल्व्ह. बोटाने तपासायला जाऊ नका. या धंद्यात ज्यांच्या बोटांवर खुणा आहेत त्यांनी त्या अशाच मिळवल्यात.

जागेवरचा तात्पुरता इलाज जुन्या रेल्वेवाल्यांना पाठ असतो. भुसावळच्या लोको शेडमधून रिटायर झालेले एक बाबा कधीमधी आमच्या रुळावर येऊन बसतात. इंजेक्टर फसफसला की ते बसल्या जागेवरून ओरडतात, “पानी तपी गये भो, फडकं मार!” मोठ्या इंजिनावरही हेच करत: तापलेल्या इंजेक्टरवर ओलं फडकं, नाहीतर सरळ बादली. क्लॅकच्या टोपीवर पान्याच्या लाकडी मुठीने एक टिचकी मारायची, बॉल जागेवर बसतो. मग पाणी पूर्ण उघडून टाकीचं गार पाणी दहा-वीस सेकंद ओव्हरफ्लोतून नुसतं वाहू द्यायचं, इंजेक्टर आतून निवतो, आणि मग वाफेची मूठ एका दमात उघडायची. हळूहळू उघडणाऱ्याला इंजेक्टर कधीच दाद देत नाही. बंद करताना उलट क्रम: आधी वाफ, मग पाणी.

ही मलमपट्टी झाली. कायमचं काम घरी जाऊन, बॉयलर पूर्ण गार झाल्यावर आणि गेज शून्यावर आल्याची खात्री करून.

टोपी काढा, बॉल बाहेर घ्या आणि सोनारांच्या अवजारांच्या दुकानात मिळते ती डोळ्याला लावायची भिंग घेऊन उजेडात फिरवा. बॉल कुठला घातलाय हे आठवतंय का? खूप जणांनी सायकलच्या दुकानातून पुढच्या चाकाचा ३/१६ इंची छर्रा आणून टाकलेला असतो. माप अगदी बरोबर, गोलाई उत्तम, आणि फुकटात. पण तो साध्या पोलादाचा. एक पावसाळा इंजिन कपाटात राहिलं की त्याच्यावर सुईच्या टोकाएवढे तांबूस खड्डे पडतात, आणि प्रत्येक खड्डा म्हणजे गळतीची एक वाट. स्टेनलेस स्टीलचा बॉल घाला. बेअरिंगच्या दुकानात स्पष्ट ‘स्टेनलेस’ म्हणून मागा, नाहीतर तोच चकचकीत छर्रा पुन्हा हातावर ठेवतील.

मग बैठक. ३/१६ च्या बॉलखाली १/८ इंचाचं भोक असतं. त्या भोकाची वरची धार कोरी आणि चौकोनी हवी, तिला चॅम्फर (तिरका उतार) मारायचा नाही. आत पांढरा क्षार दिसला तर आधी तो विरघळवा, पुढे सांगतो तसा. धार ओरखडलेली असेल तर १/८ चा रीमर (भोक साफ करायचं हत्यार) हाताने, दाब न देता, एक-दोनदा फिरवा आणि सपाट तोंडाच्या डी-बिटने (अर्धगोल कापाच्या ड्रिलने) बैठकीचं तोंड नुसतं उजळा. मग त्याच मापाचा एक फालतू बॉल ठेवून त्यावर पितळी सळी उभी धरा आणि हलक्या हातोडीने एकच ठोका द्या. दुसरा नाही. दोन-तीन ठोके दिले की बैठक रुंद होते आणि रुंद बैठकीवर क्षाराचा कण हमखास अडकतो. भिंगातून बघितलं तर केसासारखी एक चमकती गोल रेघ दिसली पाहिजे, कुठेही न तुटलेली. ठोक्याचा बॉल फेकून द्या, नवा घाला.

बॉलला उठायला जागा किती? साधारण १/३२ इंच, म्हणजे पाऊण-एक मिलिमीटरच्या दरम्यान. जास्त ठेवली तर बॉल वर भटकतो आणि परत बसायला उशीर करतो.

एक्सलपंप (चाकाच्या आसावर चालणारा पाण्याचा पंप) असलेल्यांनी त्याचाही क्लॅक याच वेळी काढून बघावा. तो गळला की उकळतं पाणी पंपात येतं, पंपात वाफ कोंडते, पंप नुसता हवेत हलतो, आणि बायपास (पंपाचं जास्तीचं पाणी टेंडरमध्ये परत सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा असेल तर तो गरम माल थेट टेंडरमध्ये. म्हणजे एका गळक्या बॉलने पंपही मेला आणि इंजेक्टरही. टेंडरचं पाणी फेरीगणिक दोन-तीन अंशांनी वर चढताना दिसलं तर हीच भानगड समजा. ऊन एवढ्या झटपट तापवत नाही.

क्षार

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, हे कोणाला सांगायला नको. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. यातला बायकार्बोनेटचा भाग पाणी तापलं की खाली बसतो. आता इंजेक्टरमध्ये पाणी पहिल्यांदा तापतं कुठे? मधल्या आणि डिलिव्हरी कोनमध्ये. जिथे भोक सगळ्यात बारीक, नेमकं तिथेच क्षार धरतो. ठिबकच्या नळ्यांत ड्रिपर बुजतात तसाच हा प्रकार, फक्त इथलं भोक ०.६ ते ०.८ मिलिमीटरचं असतं.

ठिबकवाल्यांच्या घरी नळ्या धुवायचं ॲसिड शेडमध्ये ठेवलेलंच असतं. ते इंजेक्टरला लावू नका. बाथरूमचंही नाही. ते पितळ खातं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. ओ-रिंग काढून ठेवा, कोन त्यात बुडवा. बारीक बुडबुडे येतात, म्हणजे काम सुरू आहे. बुडबुडे थांबले की काढा, साधारण वीस-पंचवीस मिनिटं. रात्रभर विसरलात तर पितळ गुलाबी पडतं. त्याच्यातलं जस्त निघून गेलंय आणि तांबं उरलंय. असा कोन पुढे ठिसूळ होतो. काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एकदा बुचकळा, मग स्वच्छ धुवा.

आत खरवडायला पोलादी तार नको, ड्रिल तर अजिबात नको. केरसुणीची काडी टोकदार करून, पाण्यात भिजवून, अलगद फिरवा. मग कोन उजेडाकडे धरून भिंगातून आरपार बघा. भोक गोल आणि आतली भिंत आरशासारखी दिसली की झालं. ओव्हरफ्लोचा बॉलही त्याच लिंबूसत्त्वात टाका. त्याच्या बैठकीवर खर धरला तर तिथून हवा आत ओढली जाते आणि धार फाटते.

पाणी बदललं तर हा उद्योग वर्षातून एकदाच करावा लागतो. सर्वांत उत्तम पावसाचं. पहिल्या दोन-तीन सरी पत्र्यावरून वाहून जाऊ द्यायच्या, मग पाच लिटरचे कॅन भरून अंधारात ठेवायचे. आठ-दहा कॅनमध्ये घरगुती माणसाचा उन्हाळा निघतो. ते संपलं तर बोअरचं पाणी खळखळून उकळा, रात्रभर निवू द्या आणि वरचं निवळ तेवढं ओतून घ्या. तळाला जो पांढरा गाळ बसतो तो बॉयलरमध्ये जायचा वाचला. जळगावात नळाला येणारं वाघूर धरणाचं पाणी बोअरपेक्षा केव्हाही बरं. आरओचं चालतं. तुरटीचा उपयोग नाही: तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. पाणी काचेसारखं दिसलं म्हणजे हलकं झालं, हा समज फार पसरलाय.

हवा, कचरा आणि ओली वाफ

टेंडर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी उन्हाने कडक होते आणि टोकाशी बारीक चिरते. उभं असताना तिथे पाण्याचा ओलावा दिसतो. चालताना तिथूनच हवा आत जाते, आणि तेव्हा काहीच दिसत नाही. दरवर्षी बदला. पाण्याच्या व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) सैल असेल तर तीच कथा. टेफ्लॉन टेप पिळून दोरी करा आणि गुंडाळा.

टेंडरमधली जाळी चहाच्या गाळणीची असेल तर ती शोभेची आहे. तिच्या एका छिद्रातून इंजेक्टर बंद पाडणारा कण आरामात जातो. शंभर मेशची (इंचाला शंभर छिद्रांची) पितळी जाळी घ्या. आणि कॉटन वेस्टने टेंडर आतून पुसू नका. कपाशीच्या मुलखात वेस्ट ढीगभर मिळतं, पण त्याचा एक धागा कोनमध्ये आडवा बसला की बाकी सगळं बरोबर असून पाणी उचलत नाही. धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा बरा.

बॉयलर गळ्यापर्यंत भरला असेल तर वाफेबरोबर पाणी येतं आणि इंजेक्टरला ताकद मिळत नाही. अर्ध्या ग्लासावर पाणी द्यायला घ्या. वाफेची नळी बॉयलरच्या सर्वांत उंच जागेवरून निघाली पाहिजे.

इंजेक्टर राखदाणीच्या शेजारी टांगलेला असतो. बाभळीचा कोळसा वापरणाऱ्यांची राखदाणी लाल होते, आणि तिची धग इंजेक्टरवर येते. मध्ये एक पत्रा उभा करा, दोन्ही बाजूंना फट ठेवून.

एवढं करूनही थुंकला तर

एक निर्णायक चाचणी. संध्याकाळी ऊन कलल्यावर, माठाचं २५-२६ अंशांचं पाणी, तपासलेला क्लॅक, धुतलेले कोन, नवी नळी, प्रेशर ६० पाउंड, पाणी अर्ध्या ग्लासावर. या सगळ्यावर इंजेक्टर नीट चालला, तर इंजेक्टर निर्दोष आहे आणि दुपारचा त्रास उष्णतेचाच. वर जा आणि थर्मामीटरपासून पुन्हा सुरुवात करा.

इथेही थुंकला, तर मग कोनवर संशय घ्यायला हरकत नाही. आधी विचारा, कोणी त्यात ड्रिल घातलं होतं का? सेकंडहँड घेतलेल्या इंजिनात हे हमखास निघतं. ०.७ चं भोक ०.८ झालं तर डोळ्याला फरक कळत नाही, पण क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढलेलं असतं आणि तीन कोनमधलं सगळं प्रमाण बिघडतं. ०.७ च्या ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी मोजमापाच्या पिनेसारखी वापरून बघा: ती अलगद जाऊन खुळखुळत असेल तर भोक मोठं झालंय. मोठं झालेलं भोक छोटं होत नाही. नवा कोन करावा लागतो, आणि तोही फक्त डिलिव्हरीचा; बहुतेक वेळा बाकीचे दोन शाबूत असतात. टेपर रीमर सिल्व्हर स्टीलचा घरीच वळवा, कडक करा, आणि कोन एकाच चकिंगमध्ये पूर्ण करा. मध्ये काढून परत धरला तर भोक आणि टेपर एका रेषेत राहत नाहीत, आणि असा कोन माठाच्या पाण्यावरही चालत नाही.